बर्लिनमध्ये सिनेगॉगच्या प्रार्थनेला जायचं होतं, ते कसं जमलं

यंदा बडोद्याहून जर्मनीला शिकायला निघालेल्या काही जणींनी विचारलं की ताई, तू तिकडे ज्यू लोकांच्या प्रार्थनेला गेली होतीस ना, असं कुणालाही जाता येतं का, आत सोडतात का, आणि भीती नाही का वाटली. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते, तारखांसकट.

आधी मला जायचंच का होतं ते सांगते, कारण तिथल्या लोकांनीही पहिला प्रश्न हाच विचारला. मी एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी केलं. कमाटीबागेतलं म्युझियम म्हणजे आमचं दुसरं घरच होतं, आणि तिथल्या जुन्या डायरेक्टरांबद्दल वाचताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायचं, अर्न्स्ट कोन-वीनर. हे बर्लिनचे कलाइतिहासकार, ज्यू. १९२९ साली त्यांनी ज्यू कलेवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. १९३३ मध्ये हिटलर आला, त्यांचं काम गेलं, ते इंग्लंडला निघून गेले आणि १९३४ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून थेट बडोद्याला आले, म्युझियम सांभाळायला. १९३९ पर्यंत होते, मग अमेरिकेला गेले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कला वारले. ज्या माणसाला स्वतःच्या शहरानं नको म्हटलं त्याला आपल्या गावानं काम दिलं ही गोष्ट माझ्या मनात फार खोलवर बसली होती. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी बर्लिनलाच ॲडमिशन मिळाली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एकदा जायचं, बघायला म्हणून नाही तर प्रार्थना चालू असताना. त्यांच्या प्रार्थनेतले चांदीचे पेले आणि मखमली आवरणं काचेच्या कपाटात मी भरपूर बघितली होती, ती वापरणारी माणसं बघितली नव्हती.

एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा यावर खूप जणांनी लिहिलंय, ते सोडून देते.

पहिली टिप, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: थेट दारात जाऊन उभं राहू नका. जर्मनीत सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, दिवसरात्र. ९ ऑक्टोबर २०१९ ला, त्यांच्या योम किप्पुरच्या उपासाच्या दिवशी, हाले शहरात एका बंदूकवाल्यानं सिनेगॉगवर हल्ला केला होता, आत माणसं प्रार्थना करत होती. दार तुटलं नाही म्हणून आतले वाचले, पण बाहेर दोघांचा जीव गेला. त्यानंतर पहारा वाढला आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केल्यानंतर आणखीनच वाढला. तेव्हा अनोळखी माणूस बॅग घेऊन दारात आला की त्यांना काय वाटत असेल याचा विचार आपण करायला हवा. आधी ईमेल, मग परवानगी, मग जाणं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. त्यांचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात, म्हणजे नेमकं आपलं सेमिस्टर सुरू होतं तेव्हा. त्या दिवसांत सिनेगॉग भरलेलं असतं, सिक्युरिटी कडक असते आणि ऑफिसमधल्या लोकांना पाहुण्यांच्या ईमेलकडे बघायला फुरसत नसते. २०२४ मध्ये सिमखात तोरा हा शेवटचा सण २५ ऑक्टोबरला होता, म्हणून मी सोमवारपर्यंत थांबले आणि २८ ऑक्टोबरला ईमेल पाठवला. २०२५ चं बघाल तर रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू आणि सगळं आटपायचा दिवस १५ ऑक्टोबर, तेव्हा सण संपल्यावरच लिहा.

ईमेल जर्मनमध्ये लिहिला, चार-पाच ओळींचा. मी कोण, कुठे शिकते, कुठल्या धर्माची, का यायचंय, एकटीच येणार आहे, फोटो काढणार नाही. धर्म लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला, मग सरळ लिहिलं की मी हिंदू आहे आणि यापूर्वी कधी सिनेगॉगमध्ये गेलेले नाही. कोन-वीनरांबद्दलही दोन वाक्यं लिहिली. दोन ठिकाणी पाठवला होता. एकीकडून उत्तर आलंच नाही, दुसरीकडून १२ नोव्हेंबरला आलं, अगदी आपुलकीचं. त्यांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाची कॉपी, व्हिसाची कॉपी, बर्लिनमधल्या पत्त्याची नोंदणी म्हणजे आपलं ते आनमेल्डुंगचं सर्टिफिकेट, आणि युनिव्हर्सिटीत नाव असल्याचं पत्र मागितलं. शुक्रवार ६ डिसेंबर ही तारीख दिली आणि कन्फर्मेशन त्या आठवड्यात येईल म्हणाले, ते ४ तारखेला आलं. फी काही नाही. सिनेगॉग कुठलं ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, पाहुण्यांनी जागेचे आणि वेळेचे तपशील इंटरनेटवर टाकू नयेत अशी त्यांचीच विनंती होती.

मधल्या काळात ९ नोव्हेंबर आला. १९३८ साली त्या रात्री नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग जाळली, ज्यूंची दुकानं फोडली. मी राहत होते त्या गल्लीत फूटपाथवर पितळेच्या छोट्या फरश्या बसवल्यात, साधारण १० सेंटिमीटरच्या, 'इथे राहत होते' असं लिहून खाली माणसाचं नाव, जन्मसाल, कुठल्या कॅम्पला नेलं ते. त्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई गुडघ्यावर बसून त्या फरश्या पॉलिशनं घासत होत्या आणि शेजारी मेणबत्त्या ठेवत होत्या. १९३३ साली या एका शहरात सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. हा आकडा मी आधी वाचलेला होता, पण माझ्याच दारासमोर एकाच आडनावाच्या चार फरश्या बघितल्यावर मला क्लासला जावंसंच वाटेना.

घरी सांगितलं तेव्हा आई घाबरली. "अगं पण तिथे हल्ले होतात म्हणतेस आणि तिथेच कशाला जातेस, बघायला दुसरं काही नाही का?" तिचं चुकीचं नव्हतं. बाबा म्हणाले, "तिथली माणसं दर आठवड्याला जातात ना, मग ही एक दिवस जाईल." आजीचं मात्र एकदम वेगळंच. तिचं माहेर पेणचं, ती म्हणाली, "म्हणजे शनवार तेल्यांच्या देवळात जाणार तू? आमच्याकडे होते की ते. शनवारी घाणा बंद." मला बेने इस्राएल लोकांबद्दल थोडंफार माहीत होतं, की ते शतकानुशतकं कोकणात राहिले, तेल गाळायचे, शनिवारी काम करायचे नाहीत म्हणून लोकांनी हे नाव दिलं, घरी मराठीच बोलायचे, गावावरून पेणकर, दिवेकर अशी आडनावं लावायचे. मुंबईतलं त्यांचं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६ चं. त्यांनी मराठीत कीर्तनं केली आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण म्हणजे पासओव्हर सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासकट छापली. पण आपल्या आजीनं ही माणसं लहानपणी बघितलीयत हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की ते फार स्वच्छ लोक, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, आणि मग एके वर्षी घरंच्या घरं इस्रायलला निघून गेली.

कपड्यांचं काय करायचं ते मी ईमेलमध्येच विचारून घेतलं होतं. गुडघे आणि खांदे झाकलेले असले की पुरे म्हणाले, डिसेंबरात बर्लिनमध्ये तसंही सगळं झाकलेलंच असतं. मी साधा कुर्ता, जीन्स आणि वर कोट घातला. टिकली लावू का हेही विचारलं होतं, त्यांनी लिहिलं की तुम्ही जशा आहात तशाच या. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, त्यासाठी किप्पा म्हणजे छोटी टोपी दारातच मिळते. खायचं काही नेऊ नका, कारण त्यांचे खाण्याचे नियम वेगळे असतात, आपली बाकरवडी कितीही शाकाहारी असली तरी ते आत घेऊ शकत नाहीत. दान द्यायचं असेल तर तेही त्या दिवशी नाही, शब्बातला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावत नाहीत. मी आदल्या आठवड्यात बँकेतून १८ युरो ट्रान्सफर केले. हिब्रू अक्षरांची जी संख्या धरतात त्यात 'जीवन' या शब्दाची बेरीज १८ येते, म्हणून १८ च्या पटीत द्यायची पद्धत आहे. विद्यार्थ्याला ते जड जात असेल तर नाही दिलं तरी कुणी विचारत नाही.

६ डिसेंबरला सूर्य चारच्या आतच मावळला. शब्बात शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, पण ही उदारमतवादी मंडळी, त्यांनी थंडीतही प्रार्थनेची वेळ संध्याकाळचीच ठेवलेली होती, आणि मला अर्धा तास आधी बोलावलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरले, समोर पोलिसांची गाडी, लोखंडी अडथळे, दोन पोलीस, हातात मोठ्या बंदुका. खरं सांगते, पाय जड झाले. परदेशात नवीन असताना पोलीस दिसले की उगाचच वाटतं आपला एखादा कागद कमी आहे. रेसिडेन्स कार्ड माझ्या हातात आलेलं नव्हतं म्हणून मूळ पासपोर्टच घेऊन गेले होते. तुम्हीही मूळच न्या, फोनमधला फोटो चालत नाही.

पोलिसांनी फक्त मान हलवली, खरी चौकशी आतल्या सिक्युरिटीवाल्या मुलानं केली. माझ्याच वयाचा असेल. यादीत नाव बघितलं, पासपोर्ट बघितला, मग प्रश्न. कुणी बोलावलं, कुणाशी ईमेल झाला, आज कुठला दिवस आहे माहितीये का, याआधी काय वाचलंय, सोबत कुणी आहे का. आवाज शांत पण डोळे सारखे माझ्या हातांकडे. बडोदा कुठे म्हणाला, मी म्हटलं अहमदाबाद आणि मुंबईच्या मध्ये. मेटल डिटेक्टर, पर्स उघडून दाखवायची, फोन बंद करून पर्समध्येच ठेवायचा. पाचेक मिनिटं लागली असतील. आत गेल्यावर मागे वळून बघितलं तर लहान मुलांना घेऊन आलेली एक आई त्याच दारातून येत होती, मुलं आपणहून हात वर करून डिटेक्टरमधून पळत गेली, त्यांना त्याची सवयच. आपण देवळात चप्पल काढतो आणि आत जातो, एवढंच असतं. देवाचं नाव घ्यायला लहान मुलांना इतक्या दारांमधून जावं लागतं हे मला अजून पचलेलं नाही.

आत स्त्री-पुरुष एकत्र बसले होते. सगळीकडे असं नसतं, ऑर्थोडॉक्स म्हणजे जुन्या परंपरेच्या सिनेगॉगमध्ये बायकांची जागा वेगळी किंवा वर गॅलरीत असते, त्यामुळे मित्रमैत्रिणी मिळून जाणार असाल तर आधी विचारून घ्या. मी मागच्या ओळीत बसायला निघाले तर एका म्हाताऱ्या बाईंनी हातानं खूण करून शेजारी बोलावलं. ऐंशीच्या आसपासच्या असाव्यात, जर्मन बोलताना रशियन वळण. मूळच्या ओडेसाच्या, नव्वदच्या दशकात सोव्हिएत युनियन फुटल्यावर इकडे आल्या. जर्मनीतल्या ज्यू मंडळींत आज असेच लोक जास्त आहेत हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक, सिद्दूर, माझ्या हातात दिलं. ते उजवीकडून उघडतं, एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला जर्मन, आणि गाण्यांचे उच्चार रोमन अक्षरांत. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही.

प्रार्थना साधारण तासाभराची होती. सुरुवातीला स्तोत्रं, ९५ ते ९९ आणि मग २९, बहुतेक सगळी गाऊनच. मला एक शब्द कळत नव्हता, तरी आजी, हो, मी त्यांना मनात आजीच म्हणायला लागले होते, पानावर बोट ठेवून कुठे चाललंय ते दाखवत होत्या. मग 'लेखा दोदी' आलं. सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावातल्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी लिहिलेलं गाणं, त्यात शब्बातला नवरी म्हटलंय. शेवटच्या कडव्याला सगळे उठले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले, मांडवात नवरी येताना आपल्याकडे सगळे वळून बघतात तसे, आणि तिच्यासाठी डावी-उजवीकडे थोडे वाकले. ज्या दाराबाहेर बंदुका घेऊन पोलीस उभे होते त्याच दाराकडे बघून ही माणसं गात होती, ये नवरी ये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, पान उलटलं.

आपण काय करायचं, हा प्रश्न मला जाण्याआधी सगळ्यात जास्त छळत होता. म्हणायचं का, वाकायचं का, न वाकणं उद्धटपणा होईल का. अनुभवानं सांगते, ते उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, एवढं पुरतं. 'श्मा' म्हणताना ते उजव्या हातानं डोळे झाकतात, मी नाही झाकले, कारण तो त्यांच्या श्रद्धेचा उच्चार आहे, देव एकच आहे याची ग्वाही, तिथे मी नक्कल करणं मला बरोबर वाटलं नाही. मग 'अमीदा', ती सगळे पाय जुळवून उभ्यानं मनातल्या मनात म्हणतात. त्या शांततेत मी माझी माझी प्रार्थना केली, मराठीत. कुणाच्या घरी जाऊन आपला देव आठवला तर यजमानांचा अपमान होत नाही असं मला वाटतं, पण यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, जर्मनमध्ये छोटं प्रवचन केलं. त्या आठवड्याचा तोरामधला, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातला, भाग याकोबचा होता, घर सोडून एकटा निघतो, रात्र होते, दगड उशाला घेऊन झोपतो आणि स्वप्नात आकाशापर्यंत गेलेली शिडी दिसते. रब्बी म्हणाले की परक्या जागी झोपलेल्या माणसाला देव तिथेच भेटतो, घरी परत जायची वाट बघावी लागत नाही. माझं जर्मन तेव्हा बी वन लेव्हलचं, निम्मं तर सुटलंच असेल, पण हे कळलं. शेवटी 'कद्दिश', ज्यांच्या घरी कुणी गेलंय किंवा कुणाचं वर्षश्राद्ध आहे ते उभे राहून म्हणतात. भाषा अरामाइक, आणि त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी देवाची स्तुती. आजी उभ्या राहिल्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

नंतर शेजारच्या खोलीत किद्दुश. वाइनवर आशीर्वाद म्हणतात, लहान मुलांना आणि न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस, मी रस घेतला. मग दोन कानांच्या भांड्यानं हात धुतात आणि पाव तोडेपर्यंत बोलत नाहीत, तिथे कुणी गप्प दिसलं तर रागावलंय असं समजू नका. खला म्हणजे पेड घालून विणलेला पाव, दोन असतात, मिठाला लावून वाटतात. मी शाकाहारी आहे हे आधीच कळवलं होतं, बटाटा-बीटची कोशिंबीर आणि काबुली चण्यांचं काहीतरी होतं, पोटभर झालं.

तिथे मी आजींना कोन-वीनरांची गोष्ट सांगितली. शेजारी दोघंतिघं ऐकत होते, कुणालाच माहीत नव्हती. एका गृहस्थांनी विचारलं, त्यांना तिथे बरं वाटलं असेल का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ते म्युझियम अजून उघडं आहे आणि आमच्याकडची मुलं शाळेच्या ट्रिपला तिथे जातात. आजींना नाव लिहून हवं होतं, पण शब्बातला लिहीत नाहीत, म्हणून रविवारी ईमेल करा म्हणाल्या. ८ डिसेंबरला मी ऑफिसच्या पत्त्यावर सविस्तर ईमेल केला, म्युझियमचे फोटोही जोडले. जानेवारीत उत्तर आलं की तो त्यांनी प्रिंट काढून आजींना दिला. पुढच्या सेमिस्टरला मी शनिवारी सकाळचीही परवानगी काढली, कारण तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचतात ते शनिवारी, शुक्रवारी संध्याकाळी नाही. ते दोन-अडीच तास चालतं, पहिल्यांदाच जाणाऱ्यानं शुक्रवारपासून सुरुवात करावी.

ऑगस्टमध्ये सुट्टीला बडोद्याला आले तेव्हा माझी आजी म्हणाली मलाही दाखव. अहमदाबादला खमासात मागेन अब्राहम सिनेगॉग आहे, १९३४ चं, गुजरातमधलं एकमेव. फोन करून वेळ ठरवली आणि गणपतीच्या आधी बाबा, आजी आणि मी सकाळच्या ट्रेननं गेलो. तिथे भेटलेल्या एक वयस्कर बाई आजीशी थेट मराठीतच बोलायला लागल्या, आणि दोघी अलिबाग, पेण, रोहा अशी गावं मोजत बसल्या, मला आणि बाबांना बाहेर ताटकळत ठेवून. प्रार्थनेला यायचं असेल तर आठवडाभर आधी कळवा, ओळखपत्र आणा, एवढंच त्या म्हणाल्या. बाबांनी नंबर घेतलाय. दिवाळीनंतर आजीचा गुडघा बरा असला तर ते दोघं जाणार आहेत, मी तोवर बर्लिनला पोचलेली असेन.